ऑनलाइन दुकानाचं संचालक मंडळ: २-१ की २-२-१?

व्हेंचर फंडाकडून (नव्या कंपन्यांत हिस्सा घेऊन पैसे घालणारा फंड) गुंतवणुकीची पहिली मोठी फेरी घेताना मंडळाच्या दोन रचना सहसा पुढे येतात: दोन संस्थापक आणि एक गुंतवणूकदार (२-१), किंवा दोघे-दोघे आणि एक स्वतंत्र संचालक (२-२-१).

२-१ मध्ये बहुमत संस्थापकांचं. पण खुर्च्या मोजून निर्धास्त होऊ नका. नवे समभाग, ठरावीक रकमेवरचं कर्ज, अंदाजपत्रक, कंपनीची विक्री यांना गुंतवणूकदाराची पूर्वसंमती लागते असं कलम बहुधा असतंच, आणि तिथे मतं मोजली जात नाहीत. ऑनलाइन विक्रीत खरी अडवणूक इथेच होते. हंगामाचा माल काही महिने आधी उचलावा लागतो, पुरवठादाराला आगाऊ पैसे द्यावे लागतात. धंदा लहान असताना ठरलेली कर्जमर्यादा मग दर मोठ्या खरेदीला आडवी येते, आणि सही येईपर्यंत माल दुसरीकडे गेलेला असतो. म्हणून मालतारणावरचं कर्ज त्या यादीतून वगळून घ्या, किंवा मर्यादा ठोक आकड्यात न लिहिता मागच्या तिमाहीच्या विक्रीच्या टक्क्यांत लिहा.

२-२-१ मध्ये पारडं पाचव्याच्या हाती. तो गुंतवणूकदारच नेमणार असेल तर ही ३-२ आहे, तसंच धरा. ‘परस्पर संमतीने’ लिहिलं असेल तर संमती न झाल्यास काय, हेही लिहून घ्या. नाहीतर जागा रिकामी राहते आणि २-२ वर गाडं अडतं. मात्र माणूस गोदाम आणि खरेदी जाणणारा मिळाला, तर विस्ताराच्या वादात त्याचा मोठा आधार होतो. वेबव्हॅन या अमेरिकेतल्या ऑनलाइन किराणा कंपनीने १९९९ मध्ये गोदामांसाठी सुमारे १ अब्ज डॉलरचा करार केला आणि जुलै २००१ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली. एका शहरात ऑर्डरमागे पैसा उरतो का, हे आधी विचारणारा मंडळात हवाच.

दोन्हींत एक छुपी खाच आहे: संस्थापकाची एक खुर्ची ‘सीईओ’ पदाला बांधलेली असते. सीईओ बदलला की ती नव्या माणसाकडे जाते आणि २-१ चं बहुमत एका दिवसात संपतं. ती खुर्ची सामान्य समभागधारकांच्या, म्हणजे मुख्यतः संस्थापकांच्याच, निवडीची करून घ्या.

एकच फंड पैसे घालत असेल आणि पूर्वसंमतीची यादी आटोपशीर असेल, तर आम्ही २-१ घेऊ. दोन फंड असतील तर २-२-१, पण पाचव्याचं नाव करारावर सही होण्याआधी ठरवून. आणि कुठलीही रचना असो, पहिल्याच बैठकीत विक्रीचा आकडा परत आलेला माल आणि सवलती वजा करूनच मांडायचा, हे ठरवा. एकूण विक्री दाखवत राहिलात तर रोकड आटल्यावर मंडळाला वाटतं, आपल्यापासून लपवलं.