रात्रपाळीला एक नर्स की सगळ्यांनाच सीपीआरचं शिक्षण?

वृद्धाश्रम बघायला गेलो की आपण खोल्या, जेवण, बाग बघतो. रात्री दोन वाजता आजोबांचं हृदय बंद पडलं तर सीपीआर, म्हणजे छाती दाबून रक्त फिरतं ठेवायचं काम, कोण करणार, हे सहसा विचारतच नाही.

एक पर्याय असा: पाळीला एक शिकलेली नर्स, बाकी मावश्या आणि वॉचमन. नर्स औषधं, शुगर, बीपी सांभाळते. श्वास थांबलाय की नुसती गाढ झोप, हे चटकन ओळखते. पण ती एकटी. मिनिटाला १०० ते १२० वेळा, किमान ५ सेंटिमीटर छाती दाबायची. दोन मिनिटांत कोणीही दमतं. मग १०८ ला फोन, फाटक, लिफ्ट कोण बघणार? आणि ती वरच्या मजल्यावर कुणाचा डायपर बदलत असेल तर? चार-सहा मिनिटांत मेंदूला इजा व्हायला लागते.

दुसरा: स्वयंपाकघरापासून वॉचमनपर्यंत सगळ्यांना सीपीआर शिकवायचं. इंडियन रिससिटेशन कौन्सिलच्या ‘कोल्स’ पद्धतीत तोंडाने श्वास द्यायचा नसतो, फक्त दाबायचं. मावश्यांची अर्धी भीती तिथेच जाते. (म्हाताऱ्या माणसाची बरगडी मोडू शकते, हेही आधीच सांगावं.) अडचण एवढीच की काही महिन्यांत सराव जातो आणि माणसं नोकरी सोडतात.

माझा कल दुसऱ्याकडे, पण नर्सचा पगार वाचवायला नव्हे. आणि ज्यांना सीपीआर नकोच, त्यांचा निर्णय डॉक्टरांशी बोलून फाइलमध्ये आधीच लिहिलेला हवा. रात्री दोनला ती चर्चा होत नाही.