फ्रीस्टाइल की मॅच: रोजचे दोन तास कशाला द्यायचे?

नाशिकला इंदिरानगरमधल्या आमच्या सोसायटीत आठवीतला एक मुलगा आहे. संध्याकाळी पार्किंगमध्ये दोन गाड्यांच्या मधल्या जागेत तो बॉल घेऊन उभा राहिला, की लिफ्टसाठी थांबलेली माणसं लिफ्ट सोडून देतात. दोन्ही पायांनी अराउंड द वर्ल्ड, क्रॉसओवर, मानेवर बॉल धरून टी-शर्ट काढणं आणि परत घालणं, सगळं त्याला येतं. गेल्या महिन्यात त्याच्या आईनं मला जिन्यात गाठलं. "दादा, तुम्ही फुटबॉलमधले. ह्याला हेच करू देऊ, की अकादमीत घालू? सगळे म्हणतात, एवढं येतंय म्हणजे मोठा प्लेअर होणारच."

जिन्यात उभ्या उभ्या देण्यासारखं ते उत्तर नव्हतं. हाच प्रश्न मला वर्षाकाठी चार-पाच पालक तरी विचारतात, म्हणून एकदा सविस्तर लिहितो.

आधी माझं सांगतो. तेराव्या वर्षापासून सोळाव्यापर्यंत मी फक्त फ्रीस्टाइल केलं, म्हणजे एकट्यानं बॉलच्या अशाच ट्रिक्स. रोज दोन तास, गच्चीवर. मग ते सोडून मॅचच्या फुटबॉलकडे वळलो. कॉलेजकडून खेळलो, जिल्ह्याकडून खेळलो. प्रोफेशनल झालो नाही. आज अंबडला टूलरूममध्ये नोकरी करतो आणि शनिवार-रविवार सकाळी मुलांना खेळवतो. त्यामुळे पुढचं सगळं दोन्ही बाजू पायाखालून घातलेल्या माणसाचं आहे, पण एकाच माणसाचं आहे, हे लक्षात ठेवून वाचा.

फ्रीस्टाइलबद्दल मला मनापासून प्रेम आहे, आणि नाशिकमध्ये तर त्याची सोय फार मोठी. बॉल आणि आठ बाय आठची फरशी मिळाली की झालं. जून ते सप्टेंबर आपल्याकडच्या मैदानांचा चिखल होतो, टर्फचं भाडं सगळ्यांना परवडत नाही, आणि बाकीच्या पोरांना जमवायचं म्हणजे निम्मी क्लासला असतात. गच्चीला या कशाचीच अडचण नाही. मुलींना तर याचा आणखी उपयोग होतो. अकरा मुली एका वेळी मैदानावर आणणं अजून आपल्याकडे सोपं नाही, पण घरच्या अंगणात बॉलवर हात, म्हणजे पाय बसवायला कुणाची वाट बघावी लागत नाही. डावा पाय सुधारतो, तोल सुधारतो, बॉलची भीती जाते. मैदानावर माझा डावा पाय आजही उजव्याच्या बरोबरीनं चालतो, ती त्या गच्चीची देणगी आहे.

पण प्रश्न होता तो प्रोफेशनल खेळाचा. तिथे माझी गाडी एका गोष्टीपाशी अडली: मान.

सोळाव्या वर्षी मुंबईतल्या एका अकादमीच्या ट्रायलला गेलो होतो. सकाळची पंचवटी एक्सप्रेस, सोबत बाबा. वॉर्मअपमध्ये मी बॉल उचलला आणि पाच मिनिटांत भोवती कोंडाळं झालं. दोघा-तिघांनी मोबाइल काढले. तिथल्या सरांनी येऊन नाव विचारलं. मला वाटलं, झालं काम. मग वीस मिनिटांची मॅच झाली. संपल्यावर सरांनी ज्यांना थांबायला सांगितलं, त्यांत मी नव्हतो.

बाबांनी ती सगळी मॅच कठड्यावरून मोबाइलवर घेतली होती. परतीच्या पंचवटीत, कसारा घाटात रेंज गेल्यावर, आम्ही दोघं ती बघत बसलो. बाबांना फुटबॉलमधलं फारसं कळत नाही, पण आयुष्यभर हिशेब लिहिलेला माणूस, ते मोजायला लागले. बॉल माझ्याकडे चौदा वेळा आला होता. त्यातल्या नऊ वेळा मी आधी तो पायाच्या बोटांनी वर उचलला, मग पुढचं ठरवलं. तेवढ्या अर्ध्या सेकंदात समोरचा पोरगा अंगावर आलेला असायचा. आणि चौदापैकी एकदाही, बॉल येण्याआधी, मी मागे वळून बघितलेलं नव्हतं. एका जागी तर आमचा लेफ्ट बॅक, म्हणजे डावीकडचा बचावपटू, रेषेला लागून एकटा उभा आहे, दोन्ही हात वर करून बॉल मागतोय. व्हिडिओत तो स्पष्ट दिसतो. मैदानात तो मला दिसलाच नव्हता. बाबा म्हणाले, "तुझी मान वरच होत नाहीये रे."

मला इतकी वर्षं मैदानातल्या अनुभवानं जे कळलं ते हे. फ्रीस्टाइलमध्ये नजर बॉलवर ठेवणं हाच अभ्यास असतो. बॉल हवेत आहे, फिरतोय, त्याच्याभोवती पाय न्यायचाय, सेकंदाच्या आत पुढचा टच आहे. नजर हलली की बॉल पडला. तीन वर्षं रोज दोन तास मी माझ्या डोळ्यांना एवढंच शिकवलं होतं. मॅचमध्ये नेमकं उलट लागतं. बॉल आपल्याकडे यायच्या आधी नजर त्याच्यावरून काढून खांद्यामागे टाकायची: कोण मोकळा आहे, कोण अंगावर येतोय, जागा कुठे आहे. नॉर्वेचे संशोधक गेअर योर्डेट यांनी मोठ्या खेळाडूंच्या नुसत्या मानेच्या हालचाली मोजण्यात वर्षं घातली आहेत. स्पेनचा झावी आणि इंग्लंडचा फ्रँक लॅम्पार्ड ही त्यांच्या अभ्यासात पुन्हा पुन्हा येणारी नावं. या दोघांपैकी कुणी मानेवर बॉल धरून शर्ट काढत नव्हतं. बॉल मिळायच्या आधी त्यांना सगळं मैदान माहीत असायचं.

ती सवय मोडायला मला दीड वर्ष लागलं. इथल्या माझ्या सरांनी एकच ड्रिल लावलं. समोरून एक जण पास द्यायचा, सर माझ्या मागे उभे राहून हाताची बोटं दाखवायचे. बॉल पायाशी यायच्या आधी मागे बघून आकडा ओरडायचा, मग टच. पहिल्या आठवड्यात दहातले दोन आकडे बरोबर यायचे, आणि ते बरोबर आले की बॉल पायाखालून निघून जायचा. ज्याला बॉल न पाडता पाचशे वेळा पायावर उडवता येतो, त्याला जमिनीवरून सरळ येणारा पास थांबवता येत नव्हता. त्यातून आपली मुरमाड मैदानं. बॉल शेवटच्या फुटाला उसळतो, आणि उसळला की माझा पाय जुन्या सवयीनं त्याला वरच घ्यायचा. रडकुंडीला येत असे मी.

दोन्ही चालू ठेवायचा प्रयत्नही केला. पण शुक्रवारी संध्याकाळी गच्चीवर दोन तास घालवले, की शनिवारच्या मॅचमध्ये मान पुन्हा खाली. हे चार-पाच महिने बघितलं आणि मग गच्ची सोडली. कुणाला दोन्ही जमत असेलही. मला जमलं नाही, आणि आज माझ्याकडे येणाऱ्या फ्रीस्टाइलवाल्या मुलांमध्येही मला तीच मान दिसते.

यावर लगेच ब्राझीलच्या रोनाल्डिन्योचं नाव येतं. येणारच, मीही त्याच्याच क्लिप बघून सुरुवात केली होती. पण १९ नोव्हेंबर २००५ ची बार्सिलोनाकडून रेआल माद्रिदविरुद्धची त्याची ती मॅच पूर्ण काढून बघा, जिच्यात रेआलच्याच बर्नाबेऊ मैदानातल्या प्रेक्षकांनी उठून त्याच्यासाठी टाळ्या वाजवल्या. त्याचे दोन्ही गोल डावीकडून आत घुसून झालेले आहेत. बॉल जमिनीवर, वेग भयंकर, आणि अंग एकीकडे झुकवून दुसरीकडे निघणं. त्या क्लिपमधली एकही ट्रिक त्यात नाही. तो लहानपणी फुटसाल खेळून वाढला, म्हणजे छोट्या जागेत, अंगावर माणूस असताना. ट्रिक्स त्याला खेळता खेळता आल्या. आपली मुलं त्या ट्रिक्सपासून सुरुवात करून खेळापर्यंत पोचायला बघतात, आणि तो रस्ता मला कुणी पार केलेला दिसलेला नाही.

हशीम मस्तूर आठवतो का? इटलीतल्या एसी मिलान क्लबचा मुलगा. २०१४ मध्ये ब्राझीलच्या नेमारसोबत बॉल खेळवतानाचा त्याचा व्हिडिओ जगभर फिरला होता. पंधराव्या वर्षी मिलाननं त्याला पहिल्या संघाच्या बाकावर बसवलं. पण मिलानच्या मुख्य संघाकडून तो एकही अधिकृत मॅच खेळला नाही. स्पेनच्या मालागा क्लबकडे उसना गेला, तिथे लीगमध्ये एकदा, शेवटची काही मिनिटं. मी हे त्याला नावं ठेवायला लिहीत नाही. त्या वयात त्याच्यावर केवढं ओझं पडलं असेल, ते आपल्याला कळणार नाही.

ब्राझीलच्या केर्लोनचं उदाहरण मला त्याहून जवळचं वाटतं, कारण त्यानं खरोखरच फ्रीस्टाइलची एक गोष्ट मॅचमध्ये आणली. बॉल कपाळावर उडवत उडवत पळायचा, सर्कशीतला सील नाचवतो तसा. २००७ मध्ये क्रुझेरो क्लबकडून खेळताना त्यानं हे केलं, तेव्हा समोरच्या बचावपटूनं त्याला सरळ अंगावर जाऊन पाडलं. त्या बचावपटूला लाल कार्ड मिळालं, बंदीही आली. पण समोरच्याला तो अपमान वाटतो, हे त्यातून दिसलं. पुढे इंटर मिलाननं केर्लोनला घेतलं, गुडघ्याच्या दुखापती मागे लागल्या, आणि इंटरच्या मुख्य संघाकडून तो कधीच खेळला नाही.

उलट दिशेनं मात्र माणसं गेलेली आहेत. फ्रान्सचा शॉन गार्निए अकादमीत घडलेला, प्रोफेशनल व्हायला निघालेला मुलगा. दुखापतीनं ते सुटलं, मग फ्रीस्टाइलकडे वळला आणि २००८ ची साओ पावलोमधली रेड बुल स्ट्रीट स्टाइलची पहिली जागतिक अंतिम स्पर्धा जिंकला. यातच बरंच काही आलं. मॅचमधून आलेल्याला फ्रीस्टाइल जवळ करता येतं. ते स्वतंत्र क्षेत्र आहे, त्याची जागतिक स्पर्धा आहे, समोरासमोर तीन मिनिटांच्या बॅटल असतात, शो असतात, जाहिराती असतात. मुलाला हेच व्हायचं असेल, तर त्याला अकादमीत कोंबू नका, असं मी त्या आईला पहिल्यांदा सांगितलं. त्याला फ्रीस्टाइलर होऊ द्या, आणि मनापासून होऊ द्या.

पैशाचं बोलायचं तर दोन्हीकडे छातीठोक सांगता येत नाही. आयएसएल, म्हणजे इंडियन सुपर लीग, २०१४ पासून आहे, पण आपल्या जवळचा एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये बंद झाला आणि २०२५ मध्ये तर कराराच्या घोळात हंगाम वेळेवर सुरूच झाला नाही. तरी वाट आहे. कोल्हापूरचा अनिकेत जाधव पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीतून घडला आणि २०१७ च्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळला. ती वाट शाळेच्या संघातून, जिल्ह्याच्या निवडीतून, वयोगटाच्या ट्रायलमधून जाते, आणि प्रत्येक ठिकाणी मुलाला मॅचमध्येच बघतात. वॉर्मअपमध्ये बघितलेलं कुणी वहीत लिहून घेत नाही.

नेदरलँड्सचे मोठे खेळाडू आणि प्रशिक्षक योहान क्रायफ यांचं म्हणणं असं होतं, की हजार वेळा बॉल उडवणं ही टेक्निक नव्हे, ते सरावानं कुणालाही येतं. एका टचमध्ये, योग्य वेगानं, सोबत्याच्या योग्य पायावर बॉल देणं ही टेक्निक. पहिला अर्धा भाग मला जरा कठोर वाटतो, कारण त्या हजारामागची मेहनत मला माहीत आहे. दुसऱ्या अर्ध्याला माझी पूर्ण संमती आहे.

तेव्हा वय नऊ-दहा असेल तर अजिबात काळजी करू नका, बॉल हवा तेवढा उडवू द्या, त्यातून फायदाच आहे. बारा-तेरानंतर, आणि डोक्यात खरोखर मॅचचा खेळाडू व्हायचं असेल, तर माझ्या मते ते दोन तास मैदानाला द्यावेत. टर्फवर पाच-पाच जणांत खेळला तरी चालेल. तिथे जागा कमी, अंगावर माणूस, मान वर केल्याशिवाय गत्यंतर नाही.

गेल्या रविवारी त्या मुलाला मैदानावर घेऊन गेलो. साडेसहाला थंडीत कुडकुडत आला, पायात पार्किंगमधलेच सपाट बूट. पहिला पास आला, त्यानं तो मांडीवर घेतला, मग गुडघ्यावर, आणि सातवीतल्या एका पोरानं येऊन काढून नेला. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तो माझ्याकडे बघायला लागला. त्याचा चेहरा मला इतका ओळखीचा वाटला, की मी मॅच थांबवून त्याला बाजूला घेतलं. मी मागे उभा राहिलो आणि बोटं दाखवायला लागलो. वीस पासमध्ये त्यानं पाच आकडे बरोबर सांगितले. माझ्या पहिल्या आठवड्यापेक्षा बरे आहेत.

त्याच्या आईला सांगितलंय, पंधरा वर्षांखालच्या ट्रायलला अजून वेळ आहे. शनिवार-रविवार साडेसहा, स्टड्स घ्या, आणि पावसाळ्यात मैदान बंद असेल त्या दिवशी पार्किंग त्याचंच.