पुणे-श्रीवर्धन आणि मागच्या सीटवरची खुर्ची: दीड वर्ष वापरून

सुरुवातीलाच सांगते, सीट चांगली आहे, पैसे वसूल झाले. तरी डोळे मिटून घ्या असं मी कुणाला सांगणार नाही. मुलांच्या कार सीटचं बरंवाईट निम्मं त्या सीटवर ठरतं आणि निम्मं तुमची गाडी कुठली, घरात माणसं किती आणि सुट्टीला जाता कुठे यावर. आम्ही जातो श्रीवर्धनला. नवऱ्याचं घर तिथे, आम्ही राहतो कोथरूडला. गणपती, दिवाळी, मे महिना आणि मधले जोडून आलेले शनिवार-रविवार, चांदणी चौक ओलांडला की गाडी आपसूक पौडच्या रस्त्याला लागते. ताम्हिणी, निजामपूर, माणगाव, म्हसळा करत घरी पोचायला मुलं बरोबर असली की पाच तास धरायचे. थोरला पाच वर्षांचा, धाकटी आता सव्वादोनची. सीट घेतली धाकटीसाठी, ती रांगायला लागली तेव्हा.

कंपनीचं नाव लिहीत नाही. सात हजारांच्या आतल्या ज्या सीटा आम्ही दुकानांत हाताळल्या त्यांत फरक होता तो कापडाचा आणि कप होल्डरचा. घडण साधारण तीच, त्यामुळे खालच्या बऱ्याच तक्रारी इतरांनाही लागू पडाव्यात. प्रकार कन्व्हर्टिबल: १३ किलोपर्यंत मुलाचं तोंड गाडीच्या मागच्या काचेकडे, मग फिरवून १८ किलोपर्यंत पुढे. सीटवर नारिंगी लेबल, त्यावर गोलात ई आणि आकडा, शिवाय ‘ईसीई आर ४४/०४’ असं छापलेलं. हे युरोपीय सुरक्षा मानक किंवा आपल्याकडचं एआयएस ०७२ नसेल तर दुकानदार काहीही सांगो, पुढे जा. आर १२९ हे नवं मानक जास्त कडक आहे. त्यात वजनाऐवजी उंचीवरून सीट ठरते, बाजूने बसणाऱ्या धडकेचीही चाचणी होते आणि १५ महिन्यांपर्यंत तोंड मागेच ठेवावं लागतं. आम्ही घेतली तेव्हा त्या सीटा आमच्या बजेटात बसत नव्हत्या.

आता बसवण्याबद्दल, कारण परीक्षणांत यावर कुणी लिहीत नाही. आमची हॅचबॅक जुनी आहे, आयसोफिक्स (चाइल्ड सीट थेट अडकवायच्या गाडीतल्या कड्या) नाही, म्हणजे सीट गाडीच्याच बेल्टने बांधायची. बेल्ट ओवायच्या दोन वाटा असतात. तोंड मागे असेल तर निळ्या खुणांवरून, पुढे असेल तर लाल खुणांवरून. मागे तोंड करून लावताना बेल्ट सीटला वळसा घालून जातो आणि जुन्या गाड्यांत तो तिथे तोकडा पडू शकतो. आमचा जेमतेम पुरला. नणंदेच्या गाडीत हीच सीट लागली नाही. म्हणून खोकं बघून ‘बांधून द्या’ म्हणू नका, दुकानदाराला खाली गाडीपर्यंत आणा आणि लावून दाखवायला सांगा. लावल्यावर जिथून बेल्ट जातो तिथेच धरून हलवून बघायची, इंचभराहून जास्त सरकली तर सैल आहे. घट्ट बसवायची तर एक गुडघा सीटमध्ये रोवून, अंगाचा सगळा भार टाकून बेल्ट ओढावा लागतो. हे काम नवऱ्याकडे आहे. त्या वेळी त्याच्या तोंडून जे शब्द निघतात ते मुलं वर घरात असताना निघालेले बरे.

एअरबॅग चालू असलेल्या पुढच्या सीटवर ही सीट मागे तोंड करून लावायची नाही. एअरबॅग उघडली की मुलाच्या डोक्यामागे असलेल्या सीटच्या पाठीवर थेट आदळते.

विरोध बाहेरून फार होत नाही, घरातूनच होतो. श्रीवर्धनहून दिवेआगरला निघालो होतो, तर सासूबाई गाडीत बसता बसताच म्हणाल्या, “अगं, केवढीशी पोर ती, तिला असं जखडून काय ठेवतेस? दे इकडे मांडीवर.” सासरे शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेत, म्हणून मी रात्री विजेच्या बिलाच्या पाठीवर हिशोब मांडून त्यांच्यापुढे ठेवला. ताशी ५० किलोमीटरने चाललेली गाडी धडकून सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली, तर दहा किलोचं मूल हातात धरून ठेवायला साधारण १४० किलो पेलण्याइतका जोर लागतो. बाबांनी चष्मा लावून गुणाकार तपासला, “बरोबर आहे” म्हणाले, आणि मग, “पण सूनबाई, आमच्या रस्त्यांवर पन्नासने जायला मिळतं कुठे?” प्रश्न रास्त होता. शेखाडीवरून समुद्राच्या कडेने जाणारा तो रस्ता तर मुद्दाम सावकाशच जावा असा आहे. पण समोरून येणाऱ्या पर्यटकाच्या गाडीला कोण सांगणार?

कायद्याचं सांगूनही पाहिलं. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली, त्यातलं कलम १९४ ब म्हणतं की १४ वर्षांखालचं मूल बेल्ट किंवा चाइल्ड सीटशिवाय गाडीत असेल तर चालकाला १००० रुपये दंड. परिणाम शून्य, कारण हा दंड भरलेला माणूस सासूबाईंनी पाहिलेला नाही. (मीही नाही.) शेवटी त्यांचं मत फिरलं ते धाकटीच्या झोपेमुळे. मांडीवर ती दर वळणाला जागी होते आणि कुरकुरते. सीटमध्ये मुळशीचं पाणी दिसायला लागतं तोवर तिचे डोळे मिटतात ते विळे गावापर्यंत उघडत नाहीत. आता सासूबाईच म्हणतात, “घाला तिला तिच्या खुर्चीत, निजेल.”

तोंड मागे का, हे मात्र अजून दर वेळी कुणाला तरी समजवावं लागतं. एवढ्या मुलाचं डोकं अंगाच्या मानाने मोठं आणि जड असतं, मान कोवळी असते. समोरून धडक बसली तर पुढे तोंड असलेल्या मुलाचं धड पट्ट्यांनी अडतं आणि डोकं तेवढं पुढे फेकलं जातं. तोंड मागे असेल तर पाठ, मान, डोकं सगळं एकत्र सीटच्या पाठीत दाबलं जातं. धाकटी अजून ११ किलोचीच आहे, म्हणून आम्ही अजून फिरवलेली नाही. पाय दुमडतात, हो. ती मांडी घालून बसते, नाहीतर पाय गाडीच्या सीटच्या पाठीला टेकवते. तिला काही दिसत नाही म्हणणाऱ्यांसाठी: मागच्या काचेतून तिला ट्रक दिसतात आणि शेजारी बसलेल्या दादाचं तोंड दिसतं. दोघं समोरासमोर येतात, त्यामुळे अर्धा घाट एकमेकांना वेडावून दाखवण्यात जातो.

दादाला गाडी लागते. धाकटीला अजून तरी नाही, एवढ्या लहान मुलांना ती सहसा लागतही नाही. एका पावसाळी सकाळी घाटात थोरल्याने, पिशवी हातात असूनही, सगळं बहिणीच्या सीटवर ओतलं. सीटचं खरं परीक्षण त्या दिवशी झालं. कव्हर निघतं, पण ते काढायला खांद्याचे पट्टे आधी मागून सोडवावे लागतात, आणि त्यासाठी सीट गाडीतून उतरवावी लागते. रस्त्याच्या कडेला, धबधबा बघायला आलेल्या गर्दीच्या मधोमध, छत्री धरून आम्ही हा कार्यक्रम केला. घेताना एवढं जरूर बघा: पट्टे न सोडवता कव्हर निघतं का? काही सीटांत निघतं. आमच्या सीटमध्ये निघत नाही, आणि या एका कारणासाठी मी एक तारा कापते.

तरी उलटीपेक्षा वाळूने जास्त छळलंय. श्रीवर्धनला समुद्र घरापासून चालत पाच मिनिटांवर, मुलं संध्याकाळी तिथेच पडीक. परत आल्यावर मागच्या दाराशी बादलीने पाय धुतले जातात, पण वाळू केसांत, खिशांत, चड्डीच्या शिवणीत राहतेच, आणि तिथून सरळ सीटच्या बकलमध्ये उतरते. दोन पायांमधल्या त्या बकलवर लाल बटण असतं. खांद्याच्या दोन्ही पट्ट्यांच्या पात्या आधी एकमेकींवर जुळवायच्या, मग दोन्ही मिळून खाली घालायच्या, की ‘टक्’ असा आवाज येतो. वाळू गेली की आवाज नुसता ‘खस्स’ येतो. पात्या आत गेल्यासारख्या दिसतात आणि ओढल्या की बाहेर येतात. हे धोक्याचं आहे, कारण वरून बघून कळत नाही. म्हणून आमच्याकडे नियम आहे: आवाज ऐकायचा, आणि तरीही एकदा ओढून बघायचं. उपाय साधा आहे. बकल खालच्या बाजूने सोडवून कोमट पाण्यात बुडवायचं, बटण दाबत दाबत हलवायचं, पाण्यात तपकिरी कण उतरतात, मग सावलीत वाळवायचं. तेल घालायचं नाही. बाबांनी शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब सोडायची तयारी केली होती, वेळेवर थांबवलं. तेलाला वाळू आणखी चिकटते, आणि कंपनीच्या पुस्तिकेतही नाही म्हटलंय. पट्टेही मशीनमध्ये किंवा ब्लीचने धुवायचे नसतात, ओल्या फडक्याने पुसायचे.

उन्हाचा प्रश्न तिथे जास्त. गाडी वाडीत जिथे उभी करतो तिथे पूर्वी गर्द सावली असायची. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात पोफळी आणि माड आडवे झाले, नंतर लावलेली रोपं अजून सावली धरण्याएवढी नाहीत. मे महिन्यात दुपारी बकलच्या पात्या हात लावता येऊ नयेत इतक्या तापतात. सासूबाईंनी जुन्या सुती लुगड्याचं एक जाड दुपटं शिवून दिलं, सीटमध्ये मऊ लागावं म्हणून. ते पाठीखाली घालत नाही, कारण जाड काही मध्ये आलं की पट्टे घट्ट केल्यासारखे वाटतात आणि असतात सैल. हिवाळ्यात जाड स्वेटर काढून बसवायचं तेही त्यासाठीच. पट्टा खांद्यावर चिमटीत धरता आला नाही की बरोबर. दुपटं आता गाडी उभी असताना सीटवर पांघरतो, पात्या बऱ्यापैकी थंड राहतात. कारणं त्यांना सांगितली, थोडं वाईट वाटलं, पण पांघरायला मात्र त्या स्वतःच जातात.

गेल्या पावसाळ्यात एकदा आम्ही बसने परतलो आणि सीट पडवीत राहिली. महिन्याभराने गेलो तर कापडावर बुरशीचे हिरवट ठिपके आणि पट्टा सैल करायच्या कळीच्या स्प्रिंगवर गंज. बुरशी साबणाच्या पाण्याने आणि उन्हाने गेली, डाग राहिला. स्प्रिंगसाठी कंपनीला फोन केला, तर सुटा भाग मिळत नाही, फोटो पाठवा, पुन्हा फोटो पाठवा, आणि तीन आठवड्यांनी उत्तर आलं की गंज वॉरंटीत बसत नाही. कळ चालते आहे, जरा जोर लावावा लागतो. समुद्रकाठी ठेवणार असाल तर खारी हवा धरूनच चला, सीट घरात आणि कोरड्या जागी.

जागेची अडचण मात्र सुटलेली नाही. हॅचबॅकच्या मागच्या सीटवर ही सीट, शेजारी थोरला आपल्या बूस्टरवर (मोठ्या मुलांना उंच बसवणारी बैठक), म्हणजे उरतो तो एका बारीक माणसापुरता कोपरा. सासू-सासरे पुण्याहून आमच्याबरोबर निघाले की एकाला बसने जावं लागतं. हा वाद प्रत्येक गणपतीला होतो आणि प्रत्येक वेळी जातो नवराच. त्याची तक्रार नाही, स्वारगेटहून सुटणाऱ्या एसटीत त्याला झोप छान लागते म्हणे.

पुण्यात सीटचा उपयोग कमीच. रोजचं जाणं-येणं स्कूटर आणि रिक्षाने, तिथे ती काय कामाची? स्कूटरसाठी वेगळा हार्नेस (मुलाला चालकाशी बांधून ठेवणारा पट्टा) आणि छोटं हेल्मेट घेतलंय. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलांसाठी ते नियमानेच आहे, १५ फेब्रुवारी २०२३ पासून, आणि वेग ताशी ४० च्या आत. मुलांच्या डॉक्टरांकडे किंवा आजोळी सिंहगड रोडला गाडीने गेलो तरच सीट वापरात. तुमचं फिरणं एवढंच असेल आणि घाट लागत नसेल तर सात हजार जीवावर येतील, हे मला समजतं. मी तरीही घेतली असती, पण माझ्या मताला ताम्हिणीची वळणं चिकटलेली आहेत.

कुणाची वापरलेली सीट मिळत असेल तर दोन गोष्टी विचारा: तिला कधी अपघात झालाय का, आणि प्लॅस्टिकवरची बनवल्याची तारीख काय. पहिल्याचं उत्तर ठामपणे ‘नाही’ येत नसेल तर फुकटसुद्धा घेऊ नका. आमची आम्ही नणंदेच्या बाळासाठी ठेवणार आहोत, तोवर त्यांची नवी गाडी यायची आहे, आणि त्या गाडीचा बेल्ट पुरतो का हे शोरूममध्येच सीट नेऊन बघायचं ठरलंय. सेल्समनला आधी फोन करून कल्पना दिली आहे.