स्टोक रो: काशीनरेशांची विहीर पाहायला जाताना

ऑक्सफर्डशरमधल्या स्टोक रो गावात येणारे बहुतेक जण घुमटाखालच्या सोनेरी हत्तीचा फोटो काढतात आणि लगेच गाडीत बसतात. तेवढ्यासाठी जाऊ नका. निदान अर्धा तास हाताशी ठेवा, कारण पाहायची गोष्ट जमिनीखाली आहे: 368 फूट खोल विहीर, तोंड जेमतेम 4 फुटांचं, आणि सगळी हाताने खणलेली! लंडनचं सेंट पॉल्स कॅथीड्रल 365 फूट उंच आहे, म्हणजे ते आख्खं हिच्या खोलीत बुडेल. एवढ्याशा गोलात कुदळ मारायला पुरेसा हात फिरत नाही. राडारोडा बादलीनेच वर ओढायचा, शिवाय खाली हवा कोंडलेली. मार्च 1863 मध्ये सुरू झालेलं हे काम बघता 24 मे 1864 रोजी, राणी व्हिक्टोरियाच्या वाढदिवशी, विहीर खुली झाली हे विलक्षणच म्हणायला हवं.

एवढं खोल जायची गरज का पडली? हे गाव ज्या चिल्टर्नच्या टेकड्यांवर आहे, त्या खडूच्या दगडाच्या आहेत. पाऊस पडतो आणि पाणी थेट तळाला मुरतं. माथ्यावर ना झरा, ना ओढा. गावाची भिस्त डबक्यांवर, आणि उन्हाळ्यात तीही आटायची. जवळच्या इप्सडेनचे एडवर्ड रीड हिंदुस्थानात अधिकारी होते. त्यांच्याकडून ही हालत काशीचे महाराज ईश्वरीप्रसाद नारायण सिंह यांना कळली आणि त्यांनी विहिरीचा खर्च उचलला: 353 पौंड आणि वर काही शिलिंग. पाणी गावाला फुकट. देखभालीला पैसा यावा म्हणून शेजारी चेरीची बागही लावली. दान देताना दुरुस्तीचीही सोय लावणारा दाता विरळाच.

आता नळ आहेत, त्यामुळे पाणी ओढलं जात नाही. रहाटाची दातेरी चाकं मात्र जवळून निरखा; वॉलिंगफर्डच्या वाइल्डर कारखान्याचं काम आहे. बाजूचं टुमदार अष्टकोनी घर राखणदाराचं होतं, त्याच्या खिडक्यांतून डोकावू नये. तिकीट नाही.

गावात रेल्वे स्टेशन नाही. रेडिंगहून गाडी काढणं सोयीचं, पण शेवटचे रस्ते अरुंद आहेत, समोरून ट्रॅक्टर आला तर मागे घ्यायची तयारी ठेवा. परतताना गारगोटीच्या भिंतींचं चर्च पाहता येईल. एप्रिलअखेरीस किंवा मेच्या सुरुवातीला गेलात, तर आसपासच्या बीच नावाच्या झाडांच्या जंगलात ब्लूबेलची निळी फुलं मिळतील, तेव्हा पायात चांगले बूट हवेत.