सोयाबीनचा हमीभाव आमच्या नावावर निघाला, आणि मागायला दुसराच आला

2024 च्या खरिपात सोयाबीनचा हमीभाव, म्हणजे सरकारी खरेदीचा भाव, क्विंटलला 4,892 रुपये होता आणि आमच्याकडे आडतीवर चार हजारही मिळत नव्हते. व्यापाऱ्याला हमीभाव मिळत नाही. त्यासाठी त्या पिकाच्या पेऱ्याची नोंद असलेला सातबारा लागतो, म्हणजे शेतकऱ्याचं नाव लागतं. सगळा खेळ त्या नावासाठी असतो.

आमच्या मराठवाड्यातल्या गावात हा खेळ करणारा माणूस ओळखीचाच, खत-बियाणं उधारीवर देणारा. "ऑनलाइन नोंदणी करून देतो, तुमचे हेलपाटे वाचतील," म्हणून वडिलांकडून सातबारा, आधार आणि पासबुकाच्या झेरॉक्स घेऊन गेला. नोंदणी खरंच केली, पण मोबाइल नंबर स्वतःचा टाकला. माल घेऊन या, हा मेसेज आला तो त्याच्या फोनवर.

आम्ही विचारलं की एकच उत्तर, बारदाना, म्हणजे माल भरायची पोती, नाही. त्या हंगामात बारदान्याची टंचाई होतीच, त्यामुळे खोटं वाटायचं कारण नव्हतं. मग नोव्हेंबरच्या शेवटी तो खळ्यावर आला, ढिगातले चार दाणे दाताखाली धरले आणि म्हणाला, "अण्णा, ओलावा सोळाच्या वर आहे. खरेदी केंद्रावर बाराच्या वर घेत नाहीत. माल माघारी आणायचं भाडं अंगावर पडंल." मीटर लावलंच नाही. बारा टक्क्यांची अट होती हे खरं, पण 15 नोव्हेंबरलाच केंद्र सरकारने त्या हंगामापुरती ती 15 टक्क्यांपर्यंत वाढवली होती. ते तो बोललाच नाही. हरभऱ्याच्या पेरणीचा खर्च तोंडावर होता. वडिलांनी 20 क्विंटल त्यालाच 3,900 ने घातलं, 78 हजार रोख.

जानेवारीत वडिलांच्या खात्यात 97,840 रुपये जमा झाले. पाठोपाठ तो दारात हजर. "माझे पैसे तुमच्या खात्यात आलेत, काढून द्या." मी आकड्याला वीसने भागलं. बरोबर 4,892. आमचंच सोयाबीन आमच्याच नावावर गेलं होतं आणि मधले 19,840 रुपये त्याला हवे होते. वडिलांनी नकार दिला तशी त्याने उधारीची वही काढली. याचा मला सगळ्यात जास्त राग आहे. गावात अनेकजण याच वहीपायी गप्प बसतात.

घरात राहिलेलं सोयाबीन घेऊन आम्ही खरेदी केंद्रावर गेलो, तर या नावावरची खरेदी झाली म्हणून परत पाठवलं. काटापट्टी, म्हणजे वजनाची पावती, बघायला मागितली. तिच्यावर वडिलांची म्हणून जी सही आहे ती इंग्रजीत आहे. आमचे वडील आयुष्यभर मराठीत सही करत आलेत. त्या पट्टीचा फोटो जोडून जिल्हा पणन अधिकारी आणि सहायक निबंधकांकडे लेखी तक्रार दिली आहे, पोच घेतली आहे.

नोंदणी कुणाकडूनही करून घ्या, पण मोबाइल नंबर आपलाच आहे का ते समोर बसून बघा आणि पावती हातात घ्या. झेरॉक्सवर कशासाठी दिली ते लिहून, तारीख टाकून, आडवी सही करा. ओलावा मीटरवर दाखवायला सांगा, दाताने सांगितलेला मानू नका. आणि न कळता खात्यात पैसे आले, तर कुणी कितीही घाई केली तरी रोख काढून देऊ नका, आधी बँकेत जाऊन ते कुठून आले ते विचारा. त्या माणसाचे 78 हजार आम्ही देणार आहोत, पण चेकने आणि लेखी घेऊनच.