मुलगी घर सोडून जायच्या आधी घेतलेलं मोठ्या मार्जिनचं बायबल: वापरून झाल्यावरचा रिव्ह्यू

घरातलं पोर शिक्षणासाठी नाहीतर नोकरीसाठी बाहेर पडणार असेल आणि जायच्या आधी त्याच्या हातात काहीतरी टिकणारं द्यावं असं डोक्यात असेल तर जर्नलिंग बायबल हा प्रकार एकदा बघाच. बायबल नेहमीचंच, फक्त प्रत्येक पानाच्या कडेला दोनेक इंच मोकळी जागा सोडलेली, बऱ्याच प्रतींमध्ये तिथे फिकट रेघाही असतात, आणि आपण तिथे लिहायचं. आम्ही मुलीसाठी जायच्या बऱ्याच आधी घेतलं आणि ती झोपली की मी आणि तिची आई आळीपाळीने लिहायचो. 5 पैकी 4 स्टार. एक का कापला ते पुढे येतंय.

यातली सगळ्यात भारी गोष्ट म्हणजे लिहायला जागा कमी आहे. खरंच सांगतोय. कोरी डायरी असती तर माझं प्रवचनच झालं असतं, पैसे जपून वापर, रविवार चुकवू नको, मित्र बघून कर, झोप पूर्ण घे, आणि थांबायचं नाव नाही. इथे तीन-चार ओळींत जागा संपते आणि वरून शेजारीच वचन छापलेलं असतं, त्याच्यापुढे आपली बडबड अगदीच फिकी वाटते, मग हात आपोआप आखडतो.

आणि लिहायला बसलं की कळतं की या पुस्तकात घर सोडून जाणारी पोरं किती आहेत. उत्पत्ती 27 मध्ये रिबका याकोबाला सांगते की थोडे दिवस मामाकडे जाऊन राहा, आणि ते थोडे दिवस होतात 20 वर्षं, आणि मायलेकरांची परत भेट झाली असं कुठे लिहिलेलंच नाही. तिथे हिने फक्त एवढंच लिहिलं, "फोन करत जा." हन्नाचं तर त्याहून अवघड, 1 शमुवेल 2 मध्ये ती देवाच्या सेवेला देऊन टाकलेल्या मुलासाठी, शमुवेलासाठी, दरवर्षी छोटा झगा शिवून नेते. म्हणजे पोर समोर नाही, वर्षभरात किती वाढलं असेल याचा नुसता अंदाज घेऊन माप धरायचं. त्या पानावर आम्ही दोघंही बराच वेळ अडकलो होतो.

लूक 15 मधल्या येशूच्या तीन गोष्टी वाचताना माझ्या एक लक्षात आलं, इतकी वर्षं ऐकूनही आलं नव्हतं. हरवलेल्या मेंढरामागे मेंढपाळ जातो, नाण्यासाठी बाई घर झाडून काढते, पण धाकटा मुलगा जातो तेव्हा बाप त्याच्या मागे जात नाही. वाटा देतो आणि जाऊ देतो. आणि तो परत येताना लांबूनच दिसतो तर हाच धावत सुटतो. जे आईबाप लोकेशन शेअरिंग चालू ठेव म्हणून पोरांच्या मागे लागलेत (मीपण त्यातलाच) त्यांनी हे पान सावकाश वाचावं.

कॅथलिक असाल तर घेताना 73 पुस्तकांचं आहे ना ते नक्की तपासा, कारण दुकानांत आणि ऑनलाइन 66 वालीच जास्त दिसतात आणि त्यात तोबित नसतं. ते पुस्तक तर आपल्या विषयावरचंच आहे, मुलगा प्रवासाला निघण्याआधी बाप अख्खा चौथा अध्याय उपदेश करतो, आणि पुढे आई रोज तो गेला त्या वाटेकडे बघत बसते. आमच्या घरात उपदेश करणारा कोण आणि वाट बघणारी कोण ते सांगायला नको.

आता कटकट. कागद. इतका मजकूर एका पुस्तकात बसवायचा म्हणून कागद फार पातळ असतो, झेरॉक्सचा कागद साधारण 70-80 जीएसएम (एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) धरला तर हा त्याच्या निम्म्याच्या आसपास. जेल पेन, शाई पेन, ओला हायलायटर यातलं काहीही लावलं की मागच्या पानावर उतरतं. पिगमेंट शाईचं बारीक टोकाचं पेन घ्या, पिग्मा मायक्रॉनचं 005 किंवा 01 चांगलं चालतं, आणि आधी शेवटी नकाशे वगैरे असतात तिथल्या एखाद्या कोपऱ्यात लिहून बघा. तरी मागची अक्षरं थोडी दिसणारच, ते धरून चाला.

दुसरं म्हणजे मार्जिनला जागा दिली की अक्षर बारीक होतं. पोरांना चालतं, आपल्याला चष्म्यानेही त्रास होतो, हाच तो कापलेला स्टार. बांधणी मात्र शिवलेलीच घ्या, नुसती चिकटवलेली नको. ओळखायचं कसं तर उत्पत्तीचं पहिलं पान उघडून हात सोडायचा, पुस्तक आपणहून उघडं राहिलं तर बरं, मिटायला लागलं तर लिहिताना सतत दाबून धरावं लागेल.

आजकालची पोरं फोनवरच वाचतात मग हे कशाला असं कोणी म्हणेल, तर बरोबर आहे. यूव्हर्जनचं बायबल ॲप 2008 पासून आहे, फुकट आहे, मराठीही आहे, आणि रोजचं वाचन बहुतेक त्यावरच होणार. पण त्यात आईचं अक्षर नसतं ना. नीतिसूत्रांचे बरोबर 31 अध्याय आहेत, महिन्यातल्या तारखेला एक, तर आम्ही प्रत्येकाच्या पहिल्या पानावर एकेक ओळ लिहिलीय. वाचन फोनवर झालं तरी त्या ओळीसाठी पुस्तक उघडलं जाईल असा आपला एक डाव.

अजून एक, पोराचा विश्वास सध्या डळमळीत असेल, चर्चला यायला कुरकुर करत असेल, तर हे देताना जपून. मार्जिनमध्ये "हे कर ते कर" लिहिलं तर ते पुस्तक बॅगेच्या तळाशीच राहणार. त्यापेक्षा त्या वचनावर तुम्ही त्याच्यासाठी काय प्रार्थना केली तेवढंच लिहा, आणि निम्म्याहून जास्त पानं कोरीच ठेवा, त्यालाही काही लिहायचं असेल, कदाचित आपल्याशी न पटणारंही.

धाकट्यासाठीही हेच घेणार आहे, फक्त मोठ्या अक्षराचं, जाड झालं तरी चालेल, आणि लिहायला याहून लवकर बसणार, कारण इयोब आणि यिर्मया ही पुस्तकं आमच्याकडून तशीच कोरी राहिलीत.