इंटेल मॅकवरून एम२ वर : नऊ महिने, आणि लायब्ररीच्या एररमागचं खरं कारण

जुन्या, इंटेल चिपच्या मॅकवरचं काम ॲपलची स्वतःची एम२ चिप असलेल्या मॅकबुक एअरवर आणून नऊ महिने झाले. काम म्हणजे मराठी पुस्तकांची पानं लावणं. मजकूर एचटीएमएलमध्ये, त्यावर एचटीएमएलची पीडीएफ करणारी, पायथन भाषेतली वीझीप्रिंट आणि शेवटी छापखान्यात द्यायची पीडीएफ. मशीनबद्दल तक्रार नाही. पंखाच नसल्यामुळे रात्री घरात आवाज होत नाही आणि मोठं पुस्तकसुद्धा पूर्वीपेक्षा खूप लवकर तयार होतं. पण पहिला आठवडाभर एकही पीडीएफ निघाली नव्हती, आणि लिहायला बसले ते त्या आठवड्यासाठीच.

मायग्रेशन असिस्टंटने जुन्या मशीनवरचं सगळं आणून ठेवलं. पायथन मात्र मी नवं घातलं. स्क्रिप्ट चालवली, तर जीऑब्जेक्ट लायब्ररी (इतर प्रोग्रॅम वापरतात अशी तयार कोडची फाइल) लोड होत नाही, अशी फाइलच नाही, असा एरर. वीझीप्रिंट अक्षरं स्वतः जुळवत नाही. ते काम पँगो ही दुसरी लायब्ररी आणि तिच्या पोटातलं हार्फबझ करतं, आणि पँगोला जीऑब्जेक्ट लागतं. 'दुसऱ्या'मधला र किंवा 'सूर्य'मधला रफार जागेवर बसतो तो यांच्यामुळे. त्यामुळे मराठीसाठी ही साखळी टाळून चालत नाही.

फाइल तर डोळ्यांसमोर होती. मी तीन वेळा पुन्हा इन्स्टॉल केली, काही फरक नाही. मग लक्षात आलं की एकाच लायब्ररीची वेगवेगळी नावं एकामागून एक पाहिली जातात, आणि सगळी फसली की त्यातल्या एकाच नावाची तक्रार आपल्याला दिसते. म्हणून पायथनच्या सीटाइप्स या लायब्ररी उघडणाऱ्या मॉड्यूलमधून तीच फाइल पूर्ण पत्ता देऊन उघडली. तेव्हा खरा निरोप मिळाला: फाइल एक्स८६_६४ ची आहे, हवी एआरएम६४ ची. म्हणजे लायब्ररी जुन्या मॅकसारखी इंटेल चिपची, आणि नवा पायथन एम२ च्या एआरएम प्रकारचा.

एका प्रोसेसमध्ये (चालू प्रोग्रॅममध्ये) दोन आर्किटेक्चरचा, म्हणजे दोन प्रकारच्या चिपांचा, कोड एकत्र चालत नाही, एवढी गोष्ट पहिल्या दिवशी कोणी सांगितली असती तर आठवडा वाचला असता. एम-चिपच्या मॅकवरचा ॲपलचा रोझेटा अख्खा इंटेल प्रोग्रॅम भाषांतरित करून चालवतो. एआरएम प्रोग्रॅमच्या आत एखादी इंटेल लायब्ररी बसवून देणं त्याला जमत नाही. म्हणून आता एरर आला की लायब्ररी कुठे आहे हे मी नंतर पाहते; चालणारा पायथन कोणत्या आर्किटेक्चरचा आहे, हे आधी विचारते. पायथनचं प्लॅटफॉर्म मॉड्यूल ते एका ओळीत सांगतं. लायब्ररीसाठी 'फाइल' किंवा 'लिपो' कमांड पुरते.

मधले दोन दिवस मी टर्मिनलच रोझेटाखाली चालवला. पीडीएफ निघाली, आनंद झाला. पण त्या टर्मिनलमधून घातलेलं जवळजवळ प्रत्येक नवं पॅकेज इंटेलचंच येऊ लागलं आणि गुंता वाढला. हा रस्ता मी कुणालाही सुचवणार नाही. शेवटी होमब्रूमधल्या (मॅकवर पॅकेजं घालायचं साधन) पॅकेजांची नुसती यादी काढली, 'युजर-लोकल' फोल्डरमधलं जुनं होमब्रू पुसलं आणि सगळं नव्याने घातलं. एम-चिपवर ते 'ऑप्ट-होमब्रू'मध्ये बसतं. पायथनची व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटही (एका कामाची पॅकेजं वेगळी ठेवायची जागा) पुसून नवी केली.

तरीही लायब्ररी सापडेना! यावेळी आर्किटेक्चर बरोबर होतं, पत्ता चुकत होता. मॅकओएसचा लोडर (लायब्ररी शोधून उघडणारा भाग) आपणहून 'युजर-लोकल-लिब' आणि 'युजर-लिब' इथे शोधतो, 'ऑप्ट-होमब्रू'मध्ये शोधत नाही. त्यासाठी 'डीवायएलडी फॉलबॅक लायब्ररी पाथ' हा, कुठे शोधायचं ते सांगणारा व्हेरिएबल द्यावा लागतो. तो टर्मिनलमध्ये दिला तर चाले, शेल स्क्रिप्टमधून आला की गायब. मॅकओएसची सिस्टिम इंटेग्रिटी प्रोटेक्शन ही सुरक्षाव्यवस्था असं करते: 'बिन-एसएच' या शेलसारख्या संरक्षित प्रोग्रॅममधून जाताना डीवायएलडीने सुरू होणारे व्हेरिएबल काढून टाकले जातात. मी तो स्क्रिप्टच्या आत, पायथन सुरू करण्याच्या आदल्या ओळीत दिला. तेव्हापासून आजवर एकदाही अडलं नाही. जुन्या पत्त्यावर सिमलिंक (खऱ्या फाइलकडे नेणारा दुवा) टाकूनही भागतं, पण सहा महिन्यांनी कोणती फाइल कुठून येते हे आपल्यालाच कळेनासं होतं, म्हणून टाळलं.

एक गाठ मात्र सुटलेली नाही. जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमधला मजकूर बदलून देणारी एक विकतची लायब्ररी मी वापरते. ती फक्त इंटेलची आहे, सोर्स कोड मिळत नाही आणि नवी आवृत्ती येईल अशी चिन्हं नाहीत. तिच्यासाठी वेगळा इंटेल पायथन ठेवला आहे. तो रोझेटाखाली चालतो, मजकूर बदलून फाइलमध्ये लिहितो आणि पुढचं काम एआरएम पायथन ती फाइल वाचून करतो. दोघं एकमेकांना भेटत नाहीत, म्हणून भांडणही नाही.

पण ॲपलने २०२५ मध्ये सांगितलं आहे की रोझेटा सर्वसाधारण वापरासाठी मॅकओएस २७ पर्यंतच राहील. त्यामुळे जुन्या फॉन्टमधली सगळी हस्तलिखितं आताच युनिकोडमध्ये आणायला घेतली आहेत. रोज दोन करते. अजून ४१ बाकी आहेत.